राहिलेल्यांचं बाक

आमच्या तांबट घराण्यातला मी पहिला नोकरदार. कसब्यात दिवसभर हातोड्यांची ठकठक चालायची आणि वडिलांनी धरून ठेवलं होतं की एक दिवस मीही बंब ठोकायला बसेन. मी प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं आणि एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागलो. तांब्याने तरी पाठ सोडली नाही. माझी सगळी नोकरी मोरचुदाच्या निळ्या पाण्याच्या बाटल्यांसमोर गेली, आणि मोरचूद म्हणजे शेवटी तांबंच. वडील म्हणायचे, "फिरून तिथेच आलास की. फक्त आवाज तेवढा नाही."

रक्तदान शिबिर बाहेरून पाहणाऱ्याला खाटा, पिशव्या आणि बिस्किटं दिसतात. माझं काम त्याच्या आधीचं. बोटाला टोचायचं, आलेला रक्ताचा थेंब बाटलीतल्या निळ्या पाण्यात हलकेच सोडायचा आणि पंधरा सेकंद बघायचं. थेंब बुडाला तर रक्तात पुरेसं लोह आहे, माणूस पुढे डॉक्टरांकडे. तरंगला किंवा मध्येच अडकला तर माणूस घरी. एवढ्याशा थेंबाने कोणाकोणाची जिरवलेली मी पाहिली आहे. दंड थोपटत आलेले पैलवान थेंब तरंगल्यावर माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यात काही कालवलं असावं. एका सोसायटीच्या अध्यक्षांनी तर बाटली बदलून मागितली होती, दुकानात चप्पल बदलून मागतात तशी.

शिबिरं ठरवायला मीच जायचो, त्यामुळे पुण्यातल्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या. गणेश मंडळांना किती पिशव्या होतील ते हवं असायचं, कारण पलीकडच्या मंडळाने गेल्या वर्षी किती केल्या ते त्यांना पाठ असायचं. संगणकाच्या कंपन्यांना फोटो चांगले यायला हवे असायचे. सोसायट्यांना आमची गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये लागणार याचीच चिंता. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, रक्तदात्याला भेट काय द्यायची? डबा, बॅग की हेल्मेट?

शहराच्या पूर्वेकडच्या एका पेठेत, भंगारवाल्यांच्या आणि बेकऱ्यांच्या गल्लीत, एक जुनं मराठी चर्च आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तो जरा आढ्यतेनेच. चर्चला शिबिर कशाला हवं असेल, असा माझ्या मनात किंतू होता. गल्लीतली बरीचशी माणसं ख्रिस्ती नव्हती आणि सभागृहात सकाळी त्यांचीच मुलं अभ्यासाला बसलेली होती. मी पाळकांना मंडळांना सांगतो तेच सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. पिशव्या किती, खाटा किती, पंखे किती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिंपळेसाहेब, परत किती जण जातात?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ज्यांना नाही म्हणता, ते."

हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "बायका बऱ्याच जातात. आमच्याकडे त्यांची एका शब्दात नोंद असते, अपात्र."

पाळकांच्या शेजारी एक उंच, हाडकुळ्या बाई बसल्या होत्या. एस्तेरमावशी. एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांची हयात गेली होती आणि आता चर्चचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्यासाठी एक बाक काढून ठेवते." मी मान डोलावली. मला वाटलं, बसायला जागा करताहेत.

शिबिराच्या दिवशी उपासनेची बाकं भिंतीशी सारलेली होती आणि एकच दाराजवळ, सावलीत ठेवलेलं होतं. मी ज्याला नाही म्हणायचो तो दाराकडे निघायचा आणि मावशी त्याला हाताला धरून त्या बाकावर बसवायच्या. आमच्या रिवाजात कॉफी-बिस्किटं रक्त दिलेल्याला. तिथे उपमा आधी बाकावर जायचा, मग खाटांकडे. मी हरकत घेतली. मावशी म्हणाल्या, "ज्याच्या अंगात आहे तो थांबू शकतो."

उपमा संपेपर्यंत मावशी त्या बाईशी गप्पा मारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवल्या जेवल्या चहा पिता का?" चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण रांगेतल्या एकाही बाईला कधी सांगितलं नव्हतं. मग चर्चमध्ये येणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्यांची तपासणी व्हायची. आणि शेवटी मावशी आतून एक लोखंडी कढई आणून हातात द्यायच्या.

अशा कढया चर्चने मुद्दाम करवून घेतल्या होत्या. बाईने कढई घरी न्यायची, रोजची भाजी तिच्यात करायची आणि चार महिन्यांनी पुढच्या शिबिराला घेऊन यायचं. थेंब बुडाला की ती कढई बाकावरच्या दुसऱ्या कोणाकडे जायची. मधल्या काळात मावशी न सांगता घरी टपकायच्या. लोखंड वापरात असलं की काळं, तुकतुकीत होतं. नुसतं ठेवून दिलं की गंजतं. मावशी फक्त म्हणायच्या, "कढई दाखव." विचारायला दुसरं काही उरतच नसे.

कढईबरोबर धर्माचं पुस्तक घरात येत असणार, अशी मला शंका होती आणि एकदा मी ती बोलूनही दाखवली. मावशींनी पिशवीत हात घालून मला दाखवलं. मेथीची जुडी आणि दोन लिंबं होती.

त्याच बाकावर मला सुमन वाघमारे भेटल्या. यवतमाळकडून नवऱ्याबरोबर पुण्याला आलेल्या, गल्लीमागच्या वस्तीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. पहिल्या शिबिराला त्या सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या होत्या. "जयभीम साहेब," म्हणून त्यांनी बोट पुढे केलं. थेंब बुचासारखा तरंगला.

मी म्हणालो, "बाई, तुमच्याच अंगात नाही, दुसऱ्याला काय देणार?"

हे वाक्य मी नोकरीत किती बायकांना ऐकवलं असेल याची गणती नाही. त्यात मला विनोद वाटायचा. आमच्याकडे तिरकस बोलणं हा हुशारीचा पुरावा मानतात आणि मीही तो जिथेतिथे देत हिंडायचो. सुमनबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "मंग केव्हा येऊ?"

का द्यायचंय ते त्यांनी मावशींना बाकावर सांगितलं आणि मावशींनी मला. मुलीच्या वेळी त्यांना फार रक्तस्राव झाला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन पिशव्या रक्त चढवलं, तेव्हा मायलेकी वाचल्या. "कोन्या मानसाचं व्हतं, मले मालूम नाही," असं त्या म्हणायच्या. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की आपलीही एक पिशवी कोणाला तरी जावी. मुलगी आता कॉलेजात गेली होती आणि आईने अजून एकाही शिबिरात पहिलं टेबल ओलांडलेलं नव्हतं.

दुसऱ्या शिबिराला थेंब तरंगला. तिसऱ्याला जरासा खाली जाऊन वर आला. कढई त्यांच्याकडेच राहिली. मावशी सांगायच्या, "अशी काळी केलीय की तोंड दिसेल."

चौथ्या शिबिराला मी थेंब सोडला आणि तो मध्ये जाऊन अडकला. बुडेना, वर येईना. सुमनबाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून वाकून बघत होत्या. श्वासही घेत नव्हत्या. मी सेकंद मनात मोजत होतो. घड्याळ ठेवायची गरज मला कधी वाटली नव्हती, इतकी वर्षं मोजल्यावर हाताला सवय होते अशी माझी घमेंड होती. आठ, नऊ, दहा. थेंब तिथेच. मग मी हळू मोजायला लागलो. अकरा म्हणालो आणि थांबलो. बारा म्हणालो आणि थांबलो. माझ्या पंधरापर्यंत थेंब खाली गेला.

"बुडला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा मला फार आनंद झाला. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आज एक चांगलं काम केलं. पुढे तपासणीला डॉक्टर होते, पण माझ्या टेबलावरून गेलेला थेंब ते पुन्हा बघत नसत. माझ्यावर विश्वास होता.

चार-पाच दिवसांनी एस्तेरमावशी रक्तपेढीत आल्या. त्या कधी तिथे येत नसत. हातात कढई होती.

"पास झाली म्हणून सुमनने शेजारणीबरोबर परत पाठवली," त्या म्हणाल्या. "शिबिरातून सरळ कामाला गेली. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना घेरी आली आणि पायऱ्यांवरून पडली. मनगट मोडलंय."

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"थेंब किती सेकंदांत बुडला होता?"

"पंधरा."

"घड्याळाचे?"

खोटं बोलणं सोपं होतं. शिबिर सुरळीत झालं, असा माझा अहवाल कधीच वर गेला होता. घेरी तर धडधाकट माणसालाही येते, हेही मला तोंडपाठ होतं. पण त्या बाई हातात ती काळी कढई घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या आणि कढई खोटं बोलत नव्हती. मी म्हणालो, "नाही. माझे."

मावशींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "पिंपळेसाहेब, आम्ही वर्षभर तिचं रक्त वाढवत होतो. तुम्ही पाच सेकंदांत वाढवलंत." आणि लगेच, "चला. मी एकटी जाणार नाही."

माझ्या नोकरीत मी माणसांच्या बोटांपलीकडे कधी गेलो नव्हतो. रांगेतली बाई दाराबाहेर गेली की माझ्यापुरती संपली. त्या दिवशी दोन माणसं आडवी मावणार नाहीत अशा गल्लीतून मावशींच्या मागे मी गेलो. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओट्यावर मुलीने केलेल्या भाकऱ्या. सुमनबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चारांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली होती. मुलगी सकाळी कॉलेजच्या आधी उरलेली दोन घरं करत होती, हे तिने मला पाणी देताना सांगितलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी जे केलं ते सांगितलं. माफी मागितली. सुमनबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ते रक्त वापरलं का?"

मी निघण्याआधी बघून ठेवलं होतं. "हो. एका पेशंटला लागलं. कोणाला ते सांगता येत नाही."

"नका सांगू. मले बी कोनी सांगितलं नव्हतं." त्या क्षणभर खूश दिसल्या. मग चेहरा बदलला. "पन म्हंजे मी पास नव्हती झाली."

"नाही."

"मंग तुमी काहून म्हनलं?"

मी म्हणालो, "तुमच्याकडे बघून वाईट वाटलं."

"मले तुमची कीव नव्हती पायजे जी," सुमनबाई म्हणाल्या. "वर्षभर मेथी खाल्ली म्या. चहा सोडला. मले पास व्हायचं व्हतं."

आजवर साहेबांनी, डॉक्टरांनी, वडिलांनी मला बरंच सुनावलं आहे. त्यातलं फारसं आठवत नाही. हे मात्र जसंच्या तसं आठवतं.

उठताना मावशींनी कढई पुन्हा ओट्यावर ठेवली. सुमनबाई नको म्हणाल्या नाहीत आणि हो पण म्हणाल्या नाहीत. हात बरा होईपर्यंत चर्चमधल्या बायका पाळीपाळीने त्यांच्याकडे भाजी करून जात होत्या, त्याच कढईत. दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच चुलीवर स्वयंपाक करून, न जेवता परत यायचं, अशी त्यांची रीत होती. आपल्याकडे डबा नेऊन देतात; घरातल्या बाईला नंतर तो घासून परत करावा लागतो. हा फरक मला इतक्या वयात पहिल्यांदा कळला. ज्या घरांतली कामं गेली होती त्यांतल्या एका घरी पाळक स्वतः जाऊन बोलले आणि ते काम परत मिळालं. दुसरं नाहीच मिळालं. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सेकंदकाट्याचं मोठं टेबलघड्याळ आणलं. ते माझ्याकडे तोंड करून नाही, समोरच्या माणसाकडे तोंड करून ठेवायला लागलो. सेकंद त्याने मोजायचे. आणि "तुमच्याच अंगात नाही" हे वाक्य बंद केलं. सहकाऱ्यांना वाटलं, पिंपळे म्हातारे झाले. मी साहेबांकडे एक विनंती केली होती, की अपात्र माणसांची नावं निदान जवळच्या दवाखान्याला कळवावीत. ती फाइल कुठेतरी असेल. जे एका गल्लीतल्या चर्चला दहा-बारा कढयांत जमलं ते आम्हाला एवढ्या मोठ्या इमारतीत जमलं नाही, आणि मीही फार जोर लावला नाही, हे लिहून टाकलेलं बरं.

सुमनबाई पुढची दोन शिबिरं आल्याच नाहीत. तिसऱ्याला आल्या. मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. त्यांनी बोट पुढे केलं आणि घड्याळाकडे नजर लावली. थेंब पाण्याला लागला आणि खड्यासारखा तळाला गेला. तीन सेकंदही झाले नव्हते.

"बुडला?" त्यांनी मलाच विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"बुडला," त्या म्हणाल्या, आणि बाकाकडे वळून मावशींना मोठ्याने, "मावशी, बुडला!" मावशींनी हातातली उपम्याची बशी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. मीही बाटली पुसायचं निमित्त करून मान खाली घातली.

मी निवृत्त झालो त्याला आता काही वर्षं झाली. पत्नी गेली. कसब्यातल्या दोन खोल्यांत मी एकटा असतो आणि डबा लावला आहे. त्या चर्चचं शिबिर मात्र चुकवत नाही, आता रक्तदाता म्हणून. रक्त पासष्टपर्यंतच देता येतं आणि माझे पासष्ट जवळ आले आहेत. त्यामुळे या उन्हाळ्यातल्या शिबिराला मी जरा ऐटीतच गेलो. शेवटच्या एक-दोन पिशव्या, मग थांबायचं, असा बेत होता.

टेबलावर एक तरुण तंत्रज्ञ मुलगी होती. घड्याळ माझंच, माझ्याकडे तोंड करून. तिने थेंब सोडला. तो तरंगला.

मी म्हणालो, "अहो, पाणी जुनं झालं असेल. पुन्हा बघा." त्या सोसायटीच्या अध्यक्षांची मला आठवण झाली, पण तोपर्यंत बोलून झालं होतं. मुलगी चांगली होती. तिने छोट्या मशीनवर तपासून हिमोग्लोबिनचा आकडा दाखवला. साडेबारा लागतो, माझा अकराच्या खाली होता. "सर, यावेळी नाही," ती म्हणाली.

दाराकडे वळलो तर कोणीतरी दंडाला धरलं. एस्तेरमावशींचे गुडघे गेल्यापासून बाकाचं काम सुमनबाईंकडे आहे. रविवारी उपासना असते तेव्हा त्या आपल्या विहारात असतात आणि शिबिराला चर्चच्या बाकापाशी. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. त्यांनी मला बसवलं. उपम्याची बशी हातात दिली. शेजारच्या दोन बायका सरकल्या.

मी वाट बघत होतो. माझं ते वाक्य त्यांना पाठ असणार. ज्या ठिकाणी मी ते म्हटलं होतं तिथून बाक पाच पावलांवर होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

सुमनबाई माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जेवल्या जेवल्या चहा घेता का जी?"

मी मान हलवली. घेतो. डबा संपला की लगेच, दोन कप.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करवल्या. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. एकट्या माणसाचं आळशी खाणं, दुसरं काही नाही. कढई घेऊन मी घरी आलो. तांबटाच्या घरातलं ते पहिलं लोखंडाचं भांडं. वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलं असतं. मी ओट्याखाली ठेवलं, आणि खरं सांगायचं तर विसरलो. वीसेक दिवसांनी दार वाजलं. दारात सुमनबाई, हातात मेथीची जुडी.

"कढई दाखवा."

कडेला गंजाची तांबूस रेघ आली होती. मी सबबी सांगायला लागलो. त्या ऐकत ऐकत मोरीशी बसल्या, वाकड्या मनगटाने कढई घासली, तेलाचा हात फिरवला आणि गॅसवर ठेवली. मग मला शेजारी उभं करून भाजी करायला लावली. जेवायला थांबल्या नाहीत.

आता कढई काळी झाली आहे. सकाळी भाजी मी करतो, चहा दुपारी चारशिवाय घेत नाही. हा अंक तुमच्या हातात पडेल त्याच सुमारास पुढचं शिबिर आहे, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मी पासष्ट पूर्ण करीन. म्हणजे ही एकच संधी. परवा सुमनबाई आल्या तेव्हा मी गमतीने म्हणालो, "थेंब मध्येच अडकला, तर तेवढं हळू मोजायला सांगा टेबलावरच्या त्या मुलीला."

त्या हसल्या नाहीत. कढई उचलून तिचा तळ खिडकीच्या उजेडात बघितला आणि परत जागेवर ठेवली.

"तुमाले पास करायचं हाय जी," त्या म्हणाल्या. "कीव करून सोडायचं नाही."

मी मान डोलावली आणि मेथी निवडायला बसलो.